भाच्याची कसम परेड: नाशिकरोडचे चार दिवस

दिवस पहिला: सेलू ते नाशिकरोड

तूर शेंगांनी वाकली होती, कापसाची दुसरी वेचणी अर्ध्यावर होती आणि रानडुकरं रोज रात्री बांधापर्यंत येत होती. अशा दिवसांत शेत सोडून जाणं दाजींच्या जिवावर आलं होतं. पण पोराची कसम परेड, म्हणजे सैन्यात शपथ घ्यायचा सोहळा, काही दरवर्षी येत नाही. शेजाऱ्याला राखणीला सांगून, ताईने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनलाडवांचा पाच किलोचा डबा बांधून आम्ही तिघं तपोवन एक्सप्रेसमध्ये बसलो.

माझा भाचा अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांसाठी, तोफखान्यात भरती झाला. 31 आठवड्यांचं प्रशिक्षण नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये झालं आणि डिसेंबरात शपथ ठरली. मी तालुक्याच्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत यावं म्हणून या पोराला वर्षभर आमच्या मैदानावर मीच पळवलं. उडी मारून ओलांडायचा नऊ फुटांचा खड्डाही आम्ही दोघांनीच फावड्याने खणून मोजला होता. सातवीत असताना त्याला ‘दाहिने मुड’ शिकवणाराही मीच. त्यामुळे या प्रवासात मामा म्हणून जेवढा जीव अडकला होता तेवढाच मास्तर म्हणूनही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. 22 वर्षं शाळेत 26 जानेवारीची परेड बसवताना माझी समजूत अशी होती की कवायत ही देखणी गोष्ट आहे, शिस्त दिसावी म्हणून आहे, आणि लढाईचं खरं शिक्षण वेगळं असतं. या चार दिवसांत ती समजूत मोडली.

संध्याकाळी नाशिकरोडला उतरलो तेव्हा थंडी अंगाला झोंबत होती. मुक्तिधामजवळ लॉज घेतला होता, तिथे आमच्यासारखीच आईबापं भरलेली. कुणी बिहारचं, कुणी राजस्थानचं, एक आजोबा थेट तमिळनाडूहून आलेले. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, पण मोबाईलमधला पोराचा गणवेशातला फोटो प्रत्येकाने प्रत्येकाला दाखवला.

जाणाऱ्यांनी परेडची तारीख कळताच खोली ठरवावी. एका बॅचचे पालक एकदम येतात, आणि स्टेशनजवळच्या खोल्या आठवडाभर आधीच भरतात. परतीचं आरक्षणही त्याच दिवशी करून टाकावं. स्वेटर, कानटोपी, शाल घेतल्याशिवाय डिसेंबरात येऊ नये. निफाडची थंडी इथून फार लांब नाही.

दिवस दुसरा: देवळाली कॅम्प

परेड उद्यावर होती आणि पोरगं रंगीत तालमीत अडकलेलं, म्हणून दिवस मोकळा होता. सकाळी मुक्तिधामात गेलो. संगमरवरी भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय लिहिलेले आहेत. ताईला वाचता येतं, पण संस्कृत कुठलं कळायला? तरी ती प्रत्येक भिंतीला हात लावत सावकाश फिरली.

मग विहितगाववरून लॅम रोडने देवळाली कॅम्पला गेलो. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, पारशी-गुजराती आरोग्यधामं, लष्कराच्या लांबच लांब भिंती. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे शिपाई इथल्या छावणीत बोटीची वाट बघत राहायचे. बोटी फक्त हिवाळ्यात निघायच्या, त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली त्याला महिनोन् महिने काम नाही, घर नाही, नुसता उकाडा आणि ताप. त्यातून इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला ‘डुलाली’ म्हणू लागले. डुलाली म्हणजे आपलं देवळाली. शिपायाला काम नसलं की काय होतं, ते एका गावाच्या नावात असं जाऊन बसलंय.

याच देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. 9 नोव्हेंबर 2018 ला के-9 वज्र आणि एम-777 या तोफा सैन्यात दाखल झाल्या तो समारंभ इथेच झाला होता. फायरिंग रेंजकडे सामान्य माणसाला जाता येत नाही आणि जाऊही नये. पण खंडोबाच्या टेकडीवर कुणीही जाऊ शकतं. पायऱ्या चढून दर्शन घेतलं, भंडारा कपाळाला लावला आणि कठड्याशी बसलो. तेवढ्यात लांबून एक दबका ‘धम्म’ आला. कानांपेक्षा छातीला कळला. दाजी दचकून उठले.

बाजूला बसलेले एक गृहस्थ हसून म्हणाले, “बसा, बसा. सराव चालू आहे.” ते तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे संगमनेरकडचे, निवृत्तीनंतर इकडेच घर बांधलं. 1999 च्या कारगिल युद्धात ते द्रासला बोफोर्स तोफेवर होते. उद्या पोराची परेड आहे म्हटल्यावर त्यांनी आम्हाला तासभर सोडलंच नाही, आणि तो तास या प्रवासातला सगळ्यात मोलाचा ठरला.

मी विचारलं, “तुम्ही टायगर हिलवर गोळे टाकलेत, तर ते शिखर दिसायचं का तुम्हाला?”

म्हणाले, “काही तोफा सरळ नजरेने चालवल्या तिथे, पण ते अपवादाचं काम. एरवी तोफेवरच्या माणसाला निशाणा दिसत नाही. रायफलवाल्याला समोरचा दिसतो. आमच्यासमोर डोंगर असतो, आणि डोंगरापलीकडे दुश्मन.”

मग त्यांनी काठीने मातीत आकृती काढली. पुढे उंचावर ओपी, म्हणजे निरीक्षण चौकी. तिथल्या अधिकाऱ्याला शत्रू दिसतो. तो रेडिओवर जागा सांगतो. मागे टेक्निकल असिस्टंट बसलेला असतो. तो अंतर, उंची, वारा, हवेचं तापमान धरून हिशेब करतो आणि तोफेला दोन आकडे देतो: किती वळवायची, किती उचलायची. तोफेवरचे जवान ते आकडे लावतात, गोळा भरतात आणि हुकमाची वाट बघतात.

“आम्ही वर्तुळाचे 360 नाही, 6400 भाग करतो,” ते म्हणाले. “एक भाग म्हणजे एक मिल. एक मिल चुकला की एक किलोमीटरवर एक मीटरचा फरक. 15 किलोमीटरवर 20 मिल चुका, गोळा 300 मीटर बाजूला. आणि समोरच्या चढावर कोण असतं माहितीये? आपलंच पायदळ.”

दाजी बराच वेळ मातीतल्या त्या रेघांकडे बघत राहिले.

“म्हणून आकडा सुटा सुटा बोलायचा, आणि ऐकणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. ‘ऐकलं असेल’ चालत नाही. टायगर हिल घेतली त्या दिवशी तोफखान्याने 9,000 गोळे टाकले. झोप नाही, कानात घणघण, थंडीने बोटं आखडलेली. अशा वेळी डोकं चालत नाही हो, सवय चालते. ती सवय परेड मैदानावर लागते. सहा-सात महिने रोज, एक शब्द आला की सगळ्यांचं अंग एकदम हललं पाहिजे. लोकांना वाटतं परेड बघायला असते. परेड ऐकायला असते.”

या शेवटच्या वाक्यावर मी रात्रभर विचार करत होतो. शाळेत मी मुलांच्या पायांकडे बघत आलो, हातांकडे बघत आलो. ऐकणं शिकवतोय असं कधी मनातही आलं नव्हतं.

दिवस तिसरा: कसम परेड

पहाटे साडेचारला उठलो. लॉजचं पाणी बर्फासारखं होतं तरी ताईने डोक्यावरून अंघोळ केली. रिक्षावाल्याला ‘आर्टिलरी सेंटर’ एवढंच सांगावं लागतं. गेटवर रांग मोठी, तपासणी कडक, पण बोलणं अतिशय अदबीचं. मूळ आधारकार्ड, त्याची झेरॉक्स आणि पोराने पाठवलेला कागद असे तीन कागद हाताशीच ठेवा. मोठ्या पिशव्या नेऊ नका. फोटो जिथे चालतात तिथेच काढा, आणि आतल्या रस्त्यांचे, इमारतींचे व्हिडिओ करून स्टेटसला लावू नका. आपलीच पोरं आत राहतात.

धुकं विरळ होत गेलं तसं मैदान दिसायला लागलं. कडेला तोफा उभ्या, धुऊन पुसून लखलखीत, नळ्या वर. मागून बँड सुरू झाला आणि पोरं आत आली.

ताई उभीच राहिली. शेकडो पोरं, एकाच उंचीची वाटणारी, एकाच निळ्या बेरेमध्ये. आईला आपलं पोरगं ओळखू येईना. ती एकेक ओळ पुटपुटत शोधत होती. तिला चेहऱ्यावरून सापडलाच नाही तो. केस बारीक कापल्यामुळे त्याचे ते लहानपणापासूनचे बाहेर आलेले कान टोपीखालून दिसले, आणि तिने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले.

“परेड, सावधान!” शेकडो टाचांचा आवाज एकच आला. मी आयुष्यभर हा आवाज मुलांकडून काढायचा प्रयत्न करतोय आणि आमचा तो नेहमी मका भाजल्यासारखा तडतडत येतो. इथे एकच टोला. पुढे ‘सलामी शस्त्र’ झालं, तेव्हा रायफलींवर तळहात पडल्याचा आवाजही तसाच.

त्या दिवशी मी ठरवून पायांकडे बघितलं नाही. हुकूम आणि हालचाल यांच्या मधल्या जागेकडे बघत राहिलो. आपल्या शाळेत हुकमाचा सुरुवातीचा लांब हेल कानावर पडला की मुलं शेवटच्या ठोक्याआधीच हलतात. इथे हेल हवेत लांबत जात होता आणि एकही खांदा थरथरत नव्हता. ठोका पडला की मगच. वाट बघणं हीसुद्धा शिकवलेली गोष्ट आहे, हे मला तिथे दिसलं. भरलेल्या तोफेशी हात उचलून उभं राहायचं आणि ‘फायर’ येईपर्यंत काहीही करायचं नाही, ते हेच.

मध्येच एक टिटवी मैदानात उतरली आणि पहिल्या ओळीसमोर जीव तोडून ओरडायला लागली. बसलेल्या सगळ्या पालकांच्या माना तिच्याकडे वळल्या. पोरांपैकी एकाचीही नजर हलली नाही. ओळ ‘धीरे चल’ने अगदी जवळ आली तेव्हा ती उडाली.

मग शपथ. लाऊडस्पीकरवर सांगितलं ते मला नवीन होतं. पायदळाच्या पलटणींना निशाण असतं, ते त्यांच्या मानाचं. तोफखान्याला तसं निशाण नसतं. तोफ हेच तोफखान्याचं निशाण. म्हणून लढाईत तोफ शत्रूच्या हाती पडू देणं म्हणजे निशाण गमावण्यासारखं मानतात. धर्मगुरू आपापले ग्रंथ घेऊन पुढे आले. राष्ट्रध्वज आणि तोफा समोर ठेवून पोरांनी शपथ घेतली: संविधानाशी निष्ठा ठेवीन, जमिनीवरून, समुद्रावरून, हवेतून जिथे पाठवाल तिथे जाईन, हुकूम पाळीन, त्यात जीव धोक्यात आला तरी. शेवटच्या वाक्याला दाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. का, ते मी विचारलं नाही.

परेडनंतर पालकांच्या छातीवर गौरव पदक लावतात. दाजींनी त्या दिवसासाठी शिवलेला नवा जाड सदरा, पिन काही केल्या आत जाईना. पदक लावणाऱ्या अधिकाऱ्याने घाई केली नाही. वाकून, कापड दुमडून, नीट सरळ लावलं आणि मग दाजींना कडक सॅल्यूट केला. दाजी चळवळीत गेले नाहीत, निवडणुकीला उभे राहिले नाहीत, सोसायटीच्या सभेत कधी मागच्या रांगेतून पुढे आले नाहीत. त्यांना कुणी सॅल्यूट करावा हे मी पहिल्यांदा पाहिलं.

भाचा पळत आला, आमच्यापासून चार पावलांवर थांबला, पाया पडला. ताईने लाडवांचा डबा पुढे केला. तो म्हणाला, “आई, आधी पोरांना देतो.” डबा दहा मिनिटांत रिकामा परत आला. तिला त्याने एक लाडू खाताना बघायचा होता, तोही उरला नव्हता. पण झारखंडचा एक पोरगा येऊन तिच्या पाया पडला आणि मोडक्यातोडक्या मराठीत “आई, मस्त” म्हणाला, तेव्हा ती खुलली.

मांडून ठेवलेल्या तोफा जवळून बघायला मिळाल्या. भाच्याने 105 मिलिमीटरच्या इंडियन फील्ड गनचं काम समजावून सांगितलं: पल्ला 17 किलोमीटर, सहा जणांचं पथक, गोळा सुमारे 15 किलोचा. एक नंबर म्हणजे पथकाचा म्होरक्या. बाकी कोण नळी फिरवतो, कोण उचलतो, कोण गोळा आणतो, कोण आत ढकलतो हे ठरलेलं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचंही काम आलं पाहिजे, कारण कुणी पडला तरी तोफ थांबत नाही. “गोळा सुटला नाही तर?” मी विचारलं. “तर हलायचं नाही मामा. लगेच उघडायची नाही. ठरलेला वेळ थांबायचं. उस्तादांनी सगळ्यात जास्त रगडा तिथेच दिला.”

राजधानीत 26 जानेवारीला 21 तोफांची सलामी देतात, तीही 2023 पासून याच 105 च्या तोफांची. त्याआधी जुन्या 25 पौंडी होत्या. सात तोफा, प्रत्येकी तीन बार, आणि राष्ट्रगीताच्या 52 सेकंदांत सगळे बसवायचे: पहिला बार पहिल्या सुराला, शेवटचा शेवटाला. म्हणजे साधारण अडीच सेकंदांना एक. दरवर्षी टीव्हीवर ऐकतो आपण, पण ती सलामी म्हणजे तोफेवरचीच कवायत आहे, हे तोफेला हात लावल्यावर कळलं.

ताईने एकच विचारलं, “एवढ्या आवाजाने कान जातात का रे?”

“कानात बोळे घालतो आई. घातलेच पाहिजेत. जुन्या लोकांचे गेलेत काहींचे.” खोटं बोलला नाही, हे मला आवडलं.

रात्री लॉजवर जेवताना दाजींनी मनातला प्रश्न काढला: चार वर्षांनी काय? शंभरातले पंचवीस कायम होतात. पहिल्या वर्षी हातात 21,000 महिना, बाहेर पडताना सेवानिधीचे 11 लाख 71 हजारांच्या आसपास. भाचा म्हणाला, “दादा, पंचविसात यायचंय, एवढंच डोक्यात ठेवलंय.” दाजी काही बोलले नाहीत. मलाही बोलता आलं नाही. राहिलेली पंचाहत्तर पोरंही अशीच घडलेली असणार, आणि त्यांना बाहेर त्या तोडीचं काम मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. दाजींनी पदक काढून रुमालात बांधलं आणि सातबाऱ्याच्या कागदांबरोबर पिशवीच्या तळाशी ठेवलं.

दिवस चौथा: पंचवटी आणि पांडवलेणी

भाच्याला सुट्टी मिळाली होती. पहाटे पाचला जाग आली तर तो उठून, पांघरुणाची चौकोनी घडी करून, दाढी करून बसलेला. याच पोराला उठवायला ताई अंगणातून तीन हाका मारायची आणि चौथ्याला पाणी ओतायची. आता तिने खालून चहासाठी हळूच नाव घेतलं तर तो जिन्यात उभा.

काळ्या मसाल्याची मिसळ खाल्ली, सोबत पापड आणि दही. आम्हा परभणीकडच्यांना तिखटाचं कौतुक नाही, पण त्या रश्शाला वेगळाच खमंगपणा होता. पंचवटीत रस्त्यांवर सिंहस्थाची कामं चाललेली, रिक्षा लांबच सोडावी लागली. रामकुंडावर ताईने गोदावरीची ओटी भरली. आमच्याकडेही हीच गोदावरी, पण तिथे ती रुंद आणि गढूळ. इथे कुंडात बांधलेली. काळाराम मंदिराच्या दारात दाजी थांबले आणि भाच्याला म्हणाले, “इथं बाबासाहेबांनी सत्याग्रह केला.” 2 मार्च 1930. दारात क्षणभर सगळेच उभे राहिलो, मग आत गेलो.

दुपारी उन्हं उतरल्यावर पांडवलेणी. पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं, माकडांपासून पिशवी जपावी, आणि संध्याकाळी लवकर बंद होतं हे लक्षात ठेवावं. चोवीस लेण्यांपैकी वेळ नसेल तर तीन नंबरचं तरी बघाच.

ते लेणं सातवाहनांचं, आणि त्यातला मोठा शिलालेख गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा आहे. गौतमी बलश्री. मुलगा गेल्यानंतर, नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने लेणं दान दिलं आणि भिंतीवर मुलाचं वर्णन कोरून घेतलं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने शक, यवन, पह्लवांना हरवलं. सगळ्या लढाया येतात त्यात. आणि त्याच लेखात हेही येतं की तो आईची सेवा करण्यात कधी कमी पडला नाही.

मी हे सांगितलं तेव्हा ताई लेखाखाली उभी होती. “म्हणजे पोरगं आधी गेलं व्हय तिचं?” तिने विचारलं.

“हो.”

ती पुढे गेली आणि वर हात नेऊन जेवढी अक्षरं पोचत होती तिथपर्यंत दगडावरून हात फिरवला. रखवालदाराने हटकलं, तशी मागे झाली. भाचा बाहेर व्हरांड्यात उभा होता. तिने त्याला आत बोलावलं नाही.

परत

सकाळच्या तपोवनने निघालो. पहिल्या रात्रीच गावातल्या पोरांसाठी कोंडाजी चिवड्याची पाकिटं घेऊन ठेवली होती. मनमाडला गाडी थांबली तेव्हा शेजाऱ्याचा फोन आला: खालच्या वावरातल्या तुरीच्या चार ओळी डुकरांनी लोळवल्या. दाजी रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि भाच्याला विचारलं, “सुट्टी किती दिवस?”

“पंधरा.”

“मग तूर काढूनच जा.”

सेलूला उतरल्यावर घरी न जाता दोघं बापलेक आधी वावराकडेच गेले. ताई आणि मी पिशव्या घेऊन रिक्षात बसलो.